उजवीकडची ‘ओव्हरीची गाठ’ आणि जागेवर सापडलेली ओव्हरी

रुग्ण 54 वर्षांची, तासगाव तालुक्यातली, द्राक्षबागेत मजुरीला जाणारी. पाळी बंद होऊन चार वर्षे झालेली. तीन बाळंतपणे, तिन्ही नैसर्गिक. पोटाचे ऑपरेशन एकच, कुटुंबनियोजनाचे. (ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत.)

तक्रार पाच महिन्यांची. फेब्रुवारीत माल उतरवताना क्रेट उचलला की उजव्या ओटीपोटात ओढ लागायची. नंतर नुसता जडपणा राहिला, आणि मधे दोनदा कळ येऊन रात्रभर टिकली. तिच्या शब्दांत, “कुशीवर वळलं की उजव्या अंगाला काय तरी लोळतंय.” ताप नाही, उलट्या नाहीत, अंगावरून जाणे नाही, वजन उतरलेले नाही.

सांगलीत आली तेव्हा हातात फाइल होती. सोनोग्राफीत ‘उजव्या ओव्हरीची 9 × 4 सेमी गाठ, आत पडदे’. सीए-125 (ओव्हरीच्या कर्करोगात वाढणारी रक्तातली खूण) चा आकडा 28, म्हणजे 35 च्या आत. पुढचा बेत असा: दुर्बिणीतून गाठ काढायची, आणि मोठी वाटली तर आधी सुईने आतले पाणी ओढून लहान करून मग पिशवीत घालून बाहेर काढायची. या बेतातली सुईची ओळ सगळ्यांत धोक्याची होती. वाचताना मात्र ती अगदी रोजचीच वाटते.

गणिताने काय सांगितले

ओव्हरीची गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता ठरवायला बऱ्याच ठिकाणी ‘रिस्क ऑफ मॅलिग्नन्सी इंडेक्स’ काढतात: सोनोग्राफीचे गुण गुणिले पाळीचे गुण गुणिले सीए-125. गाठीत पडदे, एवढी एकच शंकास्पद खूण, म्हणून 1. पाळी गेलेली, म्हणून 3. 1 × 3 × 28 = 84. दोनशेच्या खाली, म्हणजे धोका कमी, म्हणजे दुर्बिणीने चालेल. गुणाकारात चूक नव्हती. पण गाठ ओव्हरीचीच आहे हे या सूत्रात आधीच गृहीत धरलेले असते. ती दुसऱ्या अवयवाची निघाली तर 84 ला काही अर्थ उरत नाही.

पोट तपासताना उजव्या इलियाक भागात (ओटीपोटाच्या उजव्या कोपऱ्यात) लांबट, गुळगुळीत, थोडी सरकणारी गाठ लागत होती. दाबल्यावर दुखत नव्हती. खालून तपासले तेव्हा गर्भाशय लहान, मोकळे. गाठ उजवीकडे बरीच उंच, बोटाच्या टोकाला जेमतेम लागणारी, आणि गर्भाशय हलवले तरी जागची न हलणारी. ओव्हरीची एवढी मोठी गाठ बहुधा याहून खाली उतरते. हा काही पुरावा नव्हे, पण पुन्हा सोनोग्राफी करायला एवढे कारण पुरे.

योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे होते: उजवी ओव्हरी कुठे आहे? पाळी गेलेल्या बाईची ओव्हरी आक्रसलेली असते, ‘दिसली नाही’ लिहून पुढे जाणे सोपे असते, आणि शेजारी मोठी गाठ असली की तीच ओव्हरी समजली जाते. इथे लघवीची पिशवी रिकामी करून घेतली, इलियाक रक्तवाहिनीच्या कडेने प्रोब हळूहळू फिरवला आणि दुसऱ्या हाताने वरून पोट दाबत राहिले. सातव्या-आठव्या मिनिटाला वाहिनीला चिकटून 1.8 × 1.1 सेमीची छोटी करडी ओव्हरी दिसली. प्रोब दाबला की ती एकीकडे आणि गाठ दुसरीकडे घसरत होती. दोन्ही वेगळ्या होत्या.

मग गाठीचा आकार नीट पाहिला. गोल नव्हे, सॉसेजसारखी, 10.5 सेमी लांब, 3.8 सेमी रुंद, खालचे टोक बंद, वरचे सीकमकडे (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीकडे) जाणारे. आधीच्या रिपोर्टात ज्यांना ‘पडदे’ म्हटले होते त्या आतल्या रेषा एकात एक बसलेल्या होत्या, कांदा आडवा कापल्यावर दिसतो तशा. चिकट द्रव थरांथरांनी घट्ट होत गेला की अशी ‘कांद्याची साल’ दिसते, आणि ती अपेंडिक्सच्या म्युकोसीलची (चिकट द्रव साठून फुगलेल्या अपेंडिक्सची) बरीच खात्रीची खूण मानली जाते. ओव्हरीच्या गाठीतले पडदे कडेपासून कडेपर्यंत जाऊन कप्पे पाडतात. हे थर कप्पे पाडत नव्हते. फरक एवढाच आहे, पण तो गाठ एका अवयवातून दुसऱ्यात नेतो.

उरलेल्या तपासण्या

आतड्याच्या गाठींत वाढणाऱ्या रक्तातल्या दोन खुणा पाहिल्या: सीईए 11.4 नॅनोग्रॅम प्रति मिलि (5 च्या आत अपेक्षित), सीए 19-9 मात्र 22, म्हणजे ठीक. ओव्हरीचा मूळ आजार असेल तर सीए-125 ला सीईएने भागून येणारा आकडा सहसा 25 च्या वर असतो. इथे तो अडीचच्या आसपास. रुग्ण दिवसातून दोनदा मिश्री लावते. तंबाखू ओढणाऱ्यांत सीईए थोडा वर असतो हे खरे, पण 11 चा आकडा मिश्रीच्या डबीवर ढकलून मोकळे होऊ नये.

कॉन्ट्रास्ट देऊन सीटी केला, क्रिएटिनिन 0.8 पाहून. सीकमच्या बुडापासून निघालेली 3.6 सेमी व्यासाची नळी, आत पाण्याहून किंचित घट्ट द्रव, भिंतीत एका बाजूला कॅल्शियमची बारीक कमानदार रेघ. सर्वसाधारण अपेंडिक्स 6 मिमीपर्यंत असते; 15 मिमीच्या पुढे गेली आणि रुग्णाला ताप-दुखणे नसले तर म्युकोसीलचाच विचार आधी करावा. कॅल्शियमची रेघ निम्म्याहून कमी रुग्णांत दिसते, म्हणून ती नसली तरी निदान निकाली निघत नाही. भिंतीत जाड गाठोळी नव्हती, आजूबाजूची चरबी स्वच्छ होती. यकृताच्या आणि प्लीहेच्या कडेवर बाहेरून खळगे पडलेले नव्हते, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) पातळ होते, डग्लस पाउचमध्ये (गर्भाशयामागच्या खोलगट जागेत) द्रव नव्हता. या चार जागा रिपोर्टात नावानिशी लिहून मागाव्यात. पोटाच्या अस्तरावर म्युसिन (गाठीतला तो चिकट द्रव) पसरू लागले की ते आधी इथेच साचते.

हिमोग्लोबिन 9.8, लाल पेशी लहान. पाळी गेलेल्या बाईला लोह कमी पडत असेल तर ते कुठून जाते हे शोधावेच लागते, आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कर्करोग याच वाटेने उघडकीला येतो. म्हणून कोलोनोस्कोपी दुहेरी कामाची होती. म्युकोसीलच्या रुग्णांत मोठ्या आतड्यात दुसरी गाठ सापडण्याची शक्यता असते, त्यामुळे ती एरवीही करायचीच. सीकमपर्यंत पूर्ण तपासणी झाली: पॉलिप नाही, अपेंडिक्सचे तोंड उंचवट्याच्या मध्यावर, ज्वालामुखीच्या मुखासारखे. तिथून बायोप्सी घेतली नाही; श्लेष्मल पडदा वरून निरोगी असतो आणि तुकड्यातून काही हाती लागत नाही.

फाइलमध्ये ‘सीटीखाली सुईची तपासणी’ अशीही एक सूचना होती. ती टाळली, आणि का टाळली ते सविस्तर सांगायला हवे. अशा गाठीत बहुतेक म्युसिनच असते, पेशी फार थोड्या; सुईत जेली येते आणि रिपोर्ट ‘पेशी अपुऱ्या’ असा येतो. भोक मात्र राहते. गाठीतला दाब जास्त, भिंत ताणून पातळ झालेली. भोकातून म्युसिन आणि त्यातल्या पेशी पोटात पडल्या की त्या द्रवाच्या वाहत्या दिशेने उजव्या डायफ्रामखाली, ओमेंटमवर, ओटीपोटाच्या तळाशी जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षे जेली बनवत राहतात. हाच स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय. पोट हळूहळू फुगते. काही रुग्णांत तो कळतो तेव्हा साध्या हर्नियाचे ऑपरेशन चालू असते आणि हर्नियाच्या पिशवीतून चिकट द्रव बाहेर येतो.

या आजारात ओव्हरीवर आळ येण्याची परंपरा जुनी आहे. रोकिटान्स्कीने अपेंडिक्सच्या म्युकोसीलचे वर्णन 1842 मध्ये केले. 1884 मध्ये वर्थने ‘स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय’ हे नाव दिले ते मात्र ओव्हरीच्या गाठीच्या संदर्भात. अपेंडिक्सशी त्याचा संबंध 1901 मध्ये फ्रेंकेलने दाखवला. पुढे कितीतरी दशके बायकांमधला हा आजार ओव्हरीच्याच खात्यावर लिहिला गेला. आता मूळ बहुतेक वेळा अपेंडिक्समध्येच सापडते, ओव्हरीला लागण नंतर होते.

घरच्यांशी बोलणे

सरकारी योजनेतली पूर्वपरवानगी ‘ओव्हरीची गाठ’ म्हणून घेतलेली होती. निदान बदलल्यावर ती शल्यचिकित्सेखाली नव्याने घ्यावी लागली, चार दिवस गेले. घाई नव्हतीच. त्याच काळात 1 ग्रॅम फेरिक कार्बोक्सिमाल्टोज शिरेतून दिले, तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन 11.1 झाले.

मुलाचे म्हणणे असे: “पोट उघडणारच आहे तर पिशवीपण काढून टाका की एकदाची.” आपल्या भागात हा आग्रह नवा नाही. त्याला सांगितलेले कारण असे: गर्भाशयाची पिशवी निरोगी आहे. ती काढायला पोटाच्या अस्तराचे जे थर उघडावे लागतात तिथे चुकून सांडलेल्या पेशी घट्ट धरून बसतात. पुढे कधी मोठे ऑपरेशन करायची वेळ आली तर तो भाग चिकटलेला असतो, लघवीच्या नळ्याही त्यातच. ओव्हरी निरोगी दिसल्या तर ठेवायच्या, शंका आली तर दोन्ही काढायच्या, हे संमतीपत्रात लिहिले. म्युसिन बाहेर पसरलेले आढळले तर काय, हेही लिहिले: नमुना घ्यायचा, विस्तार नोंदवायचा, अडथळा करणारी गोष्ट तेवढी दूर करायची आणि पोट बंद करायचे. पोटाच्या तेरा भागांना आजार किती पसरला त्याप्रमाणे प्रत्येकी 0 ते 3 गुण देऊन 39 पैकी आकडा काढायचा आणि रुग्णाला पुण्या-मुंबईत सायटोरिडक्शन (पसरलेला सगळा आजार काढणे) व हायपेक (पोटात गरम केमोथेरपी फिरवणे) जिथे नियमित होते तिथे पाठवायचे. अर्धवट खरवडून पाठवलेल्या रुग्णाचे पुढचे ऑपरेशन अवघड होते.

रुग्णाचा स्वतःचा प्रश्न एकच होता: “ऑक्टोबरच्या छाटणीला उभी राहीन का?” ऑपरेशन जुलैत ठरले. वजन उचलायला सहा ते आठ आठवडे बंदी धरली तरी हिशेब बसत होता.

ऑपरेशन

दुर्बिणीने की उघडून? फक्त मेसोअपेंडिक्सला (अपेंडिक्सला रक्तपुरवठा नेणाऱ्या पडद्याला) धरून, गाठीला चिमटा न लावता, पिशवीत घालून काढता येत असेल तर दुर्बिण चुकीची नाही. इथे गाठ साडेदहा सेमी, भिंत पातळ, सीकमच्या बुडाशी मान आखूड. चिमट्याच्या टोकाला दाब किती पडतो ते हाताला कळत नाही. म्हणून बेंबीखाली मध्यरेषेत 12 सेमीचा छेद, गरज पडल्यास वर वाढवता येईल असा. स्त्रीरोगतज्ज्ञ टेबलावर सुरुवातीपासून हजर.

छेदाआधीच्या तासात प्रतिजैविके: सेफाझोलिन 2 ग्रॅम, मेट्रोनिडाझोल 500 मिग्रॅ. पोट उघडताच कडेला प्लास्टिकचे वूंड प्रोटेक्टर बसवले.

गाठीला हात लावण्याआधी पोट पाहून घ्यायचे. हा क्रम उलटा झाला आणि गाठ हातात फुटली, तर नंतर सापडलेले म्युसिन आधीचे की आताचे हे कोणी सांगू शकत नाही, आणि त्यावर पुढची दहा वर्षे ठरतात. उजवा-डावा डायफ्राम, मॉरिसन पाउच, दोन्ही पॅराकोलिक खोबण्या, ओमेंटम, लहान आतड्याचे मेसेंटरी, डग्लस पाउच, दोन्ही ओव्हरी: सगळे स्वच्छ. 100 मिलि सलाइनने धुवून नमुना पेशी-तपासणीला पाठवला.

गाठीभोवती कोरडे मॉप रचले. सीकमच्या बाहेरची पेरिटोनियमची घडी कापून सीकम मोकळा केला, म्हणजे गाठ ओढावी न लागता आपोआप वर येते. मेसोअपेंडिक्स बुडाशीच बांधले, 2-0 व्हिक्रिलने, आतल्या लिंफच्या गाठी नमुन्यासोबत जातील असे. अपेंडिक्स पूर्णवेळ ओल्या गॉजमध्ये तळहातावर तोललेले. चिमूट नाही, बॅबकॉक चिमटा नाही.

बुडाशी निरोगी अपेंडिक्स जेमतेम अर्धा सेमी होते. तिथे गाठ मारली असती तर कडेची खात्री राहिली नसती, म्हणून सीकमचा छोटा भाग सोबत घेतला. 60 मिमीचा लिनियर स्टेपलर, निळे काडतूस, फुगवट्यापासून 1 सेमी लांब सीकमवर आडवा लावला. स्टेपलर बंद केल्यावर आणि डागण्याआधी इलियमकडे (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाकडे) पाहायचे. जबडा इलिओसीकल व्हॉल्व्हकडे (लहान आतडे सीकममध्ये उघडते त्या झडपेकडे) पाऊण सेमी जरी सरकला तरी तोंड आकसते आणि चौथ्या दिवशी पोट फुगते. इथे पहिल्यांदा लावलेला स्टेपलर खरोखरच जवळ गेला होता. इलियममधली हवा बोटाने सीकमकडे ढकलली तर अडत होती. उघडून दोन-तीन मिमी तिरका करून पुन्हा लावला, हवा गेली, 15 सेकंद थांबून डागला. रेषेवरचा एक रक्ताळणारा टाका 3-0 ने शिवला.

नमुना पिशवीत, पिशवी बाहेर. हातमोजे आणि वापरलेली हत्यारे बदलली. पोट कोमट सलाइनने धुतले. ड्रेन नाही. वेळ 75 मिनिटे, रक्तस्राव सुमारे 60 मिलि. ओव्हरी आणि गर्भाशय जागेवरच ठेवले.

उजवे कोलन काढले नाही. लो-ग्रेड गाठ लिंफच्या गाठींत क्वचितच जाते, त्यामुळे सरसकट हेमिकोलेक्टमीने (उजवे कोलन काढण्याने) रुग्णाच्या पदरात काही पडत नाही. अ‍ॅडेनोकार्सिनोमा किंवा लिंफच्या गाठी संशयास्पद असत्या तर गोष्ट वेगळी. फ्रोझन सेक्शन (ऑपरेशन चालू असतानाच गोठवलेल्या तुकड्याची तपासणी) सोय असल्यास बुडाच्या कडेसाठी उपयोगी, पण लो-ग्रेड की त्यापुढचे हे त्यावरून ठरवू नये.

बरणी, ब्लॉक आणि रिपोर्ट

थिएटरमध्ये नमुना कापून ‘आत काय आहे बघू’ हा मोह सगळ्यांना होतो. कापला की जेली बाहेरच्या आवरणावर पसरते आणि पॅथॉलॉजिस्टला ती आतून फुटून आली की सुरीने आणली हे कळत नाही. आणखी एक साधी चूक: अरुंद तोंडाची बरणी. तिच्यात कोंबताना गाठ फुटते आणि कागदावर रुग्णाची स्टेज विनाकारण वाढते. इथे रुंद तोंडाचा डबा, नमुन्याच्या दहापट 10 टक्के फॉर्मॅलिन, स्टेपलच्या टोकाला दोरा. फॉर्मवर तीन ओळी: गाठ अखंड काढली, पोटात म्युसिन नव्हते, पूर्ण अपेंडिक्स ब्लॉक करावे (म्हणजे सगळे तुकडे मेणात बसवून तपासावेत).

तिसरी ओळ पहिल्या फेरीत पाळली गेली नाही. चार ब्लॉकवरून ‘म्युसिनस सिस्टाडेनोमा’ असा रिपोर्ट आला. हा शब्द आता वापरातून काढलेला बरा, कारण ‘साधी गाठ’ म्हणून रुग्ण घरी जातो आणि परत दाखवायला येत नाही. फोनवर बोलून उरलेला नमुनाही बसवून घेतला, एकूण 19 ब्लॉक. निदान झाले लो-ग्रेड अपेंडिसियल म्युसिनस निओप्लाझम, डॉक्टरांच्या बोलीत ‘लॅमन’. पेशी भिंत पोखरत नव्हत्या, रुंद आघाडीने ढकलत होत्या. खालचा लॅमिना प्रोप्रिया (अस्तराखालचा मऊ थर) नाहीसा, भिंतीत फायब्रोसिस. अकराव्या ब्लॉकमध्ये पेशी नसलेले म्युसिन सबसेरोसापर्यंत पोचलेले, सेरोसा (सगळ्यांत बाहेरचे आवरण) मोकळी. सीकमची कड मोकळी, लिंफच्या तीन गाठी निर्मळ, धुण्याच्या पाण्यात पेशी नाहीत.

चार ब्लॉकवर हाच आजार पीटीआयएस (सगळ्यांत सुरुवातीची पायरी) ठरला असता, एकोणीस ब्लॉकवर पीटी-3 ठरला. (लॅमनमध्ये टी-1 आणि टी-2 वापरतच नाहीत, मस्क्युलॅरिस प्रोप्रियापर्यंत (भिंतीतल्या स्नायूच्या थरापर्यंत) सगळे टीआयएस, सबसेरोसा म्हणजे टी-3, सेरोसा फुटली की टी-4ए.) उपचार बदलले नाहीत, केमोथेरपी नाही. पण नजर ठेवण्याची मुदत आणि रुग्णाला सांगायची भाषा बदलली.

नंतर

दुसऱ्या दिवशी पातळ आहार, चौथ्या दिवशी शौच, पाचव्या दिवशी घरी. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून रोज एनॉक्सापॅरिन 40 मिग्रॅ, घरी जाईपर्यंत. जखमेच्या खालच्या टोकाला थोडे पाणी साठले, दोन ड्रेसिंगमध्ये आटले.

पुढचे वेळापत्रक: सहा महिने, बारा महिने आणि मग दरवर्षी, पाच वर्षांपर्यंत, प्रत्येक वेळी पोटाचा सीटी आणि सीईए, सीए 19-9, सीए-125. सहा महिन्यांना सीईए 2.2, सीटी स्वच्छ. डिस्चार्ज कार्डावर मराठीत ठळक लिहून दिले: ‘अपेंडिक्सची गाठ काढली आहे. गर्भाशय व दोन्ही ओव्हरी जागेवर आहेत. पोटात नवीन गाठ किंवा पाणी दिसल्यास सुई घालू नये, हे कार्ड दाखवावे.’

नवव्या महिन्यात हे कार्ड उपयोगी पडले. लघवीच्या जळजळीसाठी गावाकडे केलेल्या सोनोग्राफीत ‘उजव्या ओव्हरीत 2 सेमीची पाण्याची गाठ’ निघाली, आणि सून कार्ड व फिल्म घेऊन दुसऱ्याच दिवशी आली. योनीमार्गातून पाहिल्यावर गाठ खरोखरच ओव्हरीतली होती: एकच कप्पा, पातळ भिंत, आतला द्रव काळाभोर, थर नाहीत. सीईए 2.0, सीए-125 19. या वयात अशी साधी गाठ सापडली तर एरवी चार-सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. मागचा इतिहास धरून इथे तीन महिने ठरवले. तीन महिन्यांनी, वर्षाच्या सीटीसोबत, ती 1.4 सेमी उरली होती.